रोलवर ‘प्रोफेशनल’ लिहिलंय, मग फोटो मळकट का?

काका,

तीन वर्षं झाली, मी फिल्मवर फोटो काढते. बाबांचा जुना एसएलआर कॅमेरा आहे. सगळं हाताने लावायचं, आत उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई. आजवर कोडॅक गोल्ड २०० आणि अधूनमधून कलरप्लस वापरत आले, आणि त्यात खूश होते. पण जो भेटतो तो सांगतो की हे हौशी लोकांचे रोल, खरे रंग बघायचे तर कोडॅकचाच ‘प्रोफेशनल’ रोल, पोर्ट्रा घे. बहिणीच्या बाळाचे फोटो काढायचे होते, म्हणून पदरमोड करून पोर्ट्रा ४०० चे तीन रोल घेतले. त्यातला एक घरातच संपवला, काही फोटो खिडकीपाशी, काही रात्री दिव्याच्या उजेडात. स्कॅन आले तर सावल्यांत करडा-हिरवा चिखल, दाणे वर आलेले, बाळाचा चेहरा मळकट. गोल्डवर बाहेर काढलेले माझे फोटो याहून किती तरी बरे होते. निगेटिव्ह उजेडात धरून पाहिल्या, त्याही फिकट वाटल्या, कडेचे आकडे मात्र स्पष्ट आहेत. लॅबने बिघडवलं, की रोलच खराब निघाला? की ‘प्रोफेशनल’ हा नुसता डबीवरचा दिमाख आहे? आणि उरलेले दोन रोल फ्रिजमध्ये ठेवू का?

– पोर्ट्राने पोळलेली

पोर्ट्राने पोळलेली,

काका म्हणालीस, तेव्हा एकेरीतच बोलतो.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तू जाता जाता लिहून टाकलंयस: निगेटिव्ह फिकट, पण कडेचे आकडे स्पष्ट. मी बरीच वर्षं रंगीत फोटोंच्या लॅबमध्ये प्रिंटिंग मशीनवर बसलो आहे. गिऱ्हाईक तणतणत आलं की आम्ही आधी फोटो बघायचो नाही, निगेटिव्हची कड बघायचो. फिल्मच्या काठावर जे नाव आणि फ्रेमचे आकडे दिसतात ते शाईने छापलेले नसतात. कारखान्यातच त्या जागी प्रकाश दिलेला असतो आणि रोल धुतला की तुझ्या फोटोंबरोबरच ते उमटतात. रसायन थकलेलं असतं किंवा तापमान घसरलेलं असतं, तर आकडेही पुसट झाले असते. आकडे ठसठशीत आणि फोटो फिकट, म्हणजे धुणाऱ्याने काम चोख केलं, रोलही धडधाकट होता, फक्त शटर उघडलं तेव्हा आत पुरेसा प्रकाश गेला नाही. लॅब सुटली, रोल सुटला. उरला कॅमेरा आणि, रागावू नकोस, कॅमेरावाली.

पहिला संशय बॅटरीवर. आत सुई असलेल्या त्या पिढीतले पुष्कळ कॅमेरे पाऱ्याच्या बटन सेलवर चालायचे, १.३५ व्होल्टच्या. पाऱ्यापायी ते सेल बाजारातून गेले आणि लोक त्याच मापाचा १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घालू लागले. बसतो छान, सुईही हलते. पण ज्या मीटरमध्ये व्होल्टेज सांभाळणारं सर्किट नाही, तो या जादा व्होल्टमुळे उजेड आहे त्याहून जास्त दाखवतो. तू बिचारी त्याचं ऐकून अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) बारीक करतेस आणि फिल्म उपाशी राहते. तपासणं सोपं आहे. आकाश निरभ्र असताना, ऊन चांगलं वर आल्यावर, कॅमेऱ्यावर फिल्मचा वेग (ती किती झटकन प्रकाश पकडते तो आकडा) ४०० लाव, शटर १/५०० ठेव आणि उन्हात असलेल्या हिरवळीवर सुई जुळव. एफ/१६ च्या आसपास जुळली तर मीटर शहाणा. एफ/२२ किंवा त्याहून बारीक मागत असेल, तर तो प्रत्येक फोटोमागे तुझा एखादा स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, खातोय. तसं असेल तर कॅमेऱ्यावरचा वेगाचा आकडाच निम्म्यावर आणून काम भागवता येतं, किंवा व्होल्टेज उतरवणारा छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो तो घालायचा.

दुसरा चोर खिडकी. बाळ खिडकीशी, तू खोलीच्या आत, म्हणजे चौकटीत अर्धी खिडकी. जुना मीटर सरासरी काढतो, त्याला बाळ दिसत नाही, खिडकी दिसते. अशा वेळी चार पावलं पुढे जायचं, चेहऱ्याची सावलीतली बाजू चौकटभर घेऊन मीटर लावायचा, आणि मागे येऊन तोच आकडा कायम ठेवून फोटो काढायचा. सुई कितीही ओरडली तरी.

तिसरा दिवा. ही फिल्म दिवसाच्या उजेडासाठी जुळवलेली असते, सुमारे ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा). तारेचा पिवळा बल्ब ३००० च्या घरात असतो आणि त्या उजेडात निळा भाग फारच थोडा. रंगीत फिल्ममध्ये निळ्या, हिरव्या आणि लाल प्रकाशासाठी वेगवेगळे थर असतात. बल्बखाली लाल थराचं पोट भरतं, हिरव्याचं अर्धवट, निळा थर जवळजवळ कोराच. मग स्कॅन करणारा यंत्रावर निळा ओढून-ताणून वर आणतो. चेहरा कसाबसा जागेवर येतो, पण सावल्यांत ओढायला काही नसतंच, तिथे भलताच रंग शिरतो. एलईडीची तऱ्हा निराळी. त्यातल्या बऱ्याच दिव्यांत हिरव्याकडे झुकाव असतो. तुझा करडा-हिरवा चिखल बहुधा या सगळ्यांची मिळून करामत आहे.

गोल्ड बाहेर चांगला आला, कारण तिथे तीनपैकी एकच चोर होता, मीटर. आणि एका स्टॉपची चोरी गोल्ड पचवतो. गोल्ड २०० बद्दल कोडॅक स्वतः सांगत आलंय की दोन स्टॉप कमीपासून तीन स्टॉप जास्तपर्यंत एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला मिळालेला प्रकाश, चुकलं तरी फोटो येईल. कमीकडचे दोन स्टॉप मी स्वतः मोजत नाही. एकपर्यंत ठीक, पुढे फोटो येतो पण बघवत नाही. जास्तीकडचे तीन मात्र खरे.

हे असं का, ते समजून घे, कारण तुझे दाणे तिथूनच आले. प्रत्येक रंगाचा थर हा आतून एकसंध नसतो. त्यात मोठ्या कणांचा झटकन पकडणारा एक पदर असतो आणि बारीक कणांचा सावकाश पकडणारा दुसरा, कधी तिसराही. प्रकाश थोडाच मिळाला तर काम फक्त मोठ्या कणांवर येतं, आणि मोठे कण म्हणजे डोळ्याला दिसणारे दाणे. भरपूर प्रकाश मिळाला की बारीक कणही कामाला लागतात आणि मोठ्यांमधल्या फटी भरून निघतात. म्हणून रंगीत निगेटिव्हमध्ये एक स्टॉप जास्त दिलेला फोटो अधिक मऊ, अधिक गुळगुळीत दिसतो. डिजिटलवर वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. तिथे हायलाइट, म्हणजे उजळ भाग, उडायची भीती, म्हणून कमीकडे राहायचं. इथे सावलीला पोटभर द्यायचं, हायलाइट स्वतःची काळजी घेतात. उपाशी पोर्ट्रा आणि पोटभर जेवलेला गोल्ड यांची तू तुलना केलीस. त्यात गोल्डच जिंकणार.

आता तुझा खरा प्रश्न, की डबीवरच्या त्या शब्दात काही आहे का.

आहे, पण लोक समजतात ते नाही. ‘प्रोफेशनल’ म्हणजे जास्त सुंदर अशी प्रतवारी नव्हे. मूळ वचन होतं एकसारखेपणाचं. फिल्म कारखान्यातून निघाली म्हणजे ती थिजली असं नसतं, डबीत पडल्या पडल्याही ती बदलत असते, आणि तिन्ही रंगांचे थर सारख्या वेगाने म्हातारे होत नाहीत. हौशी माणसाचा रोल दुकानातल्या फळीवर काही महिने काढणार, मग कॅमेऱ्यात एका सुट्टीपासून दुसऱ्या सुट्टीपर्यंत पडून राहणार, हे कारखान्याला माहीत होतं. म्हणून तो रोल असा जुळवायचे की साध्या खोलीच्या तापमानात थोडा जुना झाल्यावर त्याचे रंग ठिकाणावर यावेत. व्यावसायिक रोल मात्र ऐन बहरात आणून थंडीत ठेवायचे. घेणाऱ्यानेही फ्रिजमध्ये ठेवायचा, लगेच वापरायचा, लगेच धुवायला टाकायचा. म्हणजे फरक सौंदर्यापेक्षा वेळापत्रकाचा जास्त. आजच्या फिल्म पूर्वीपेक्षा खूप टिकाऊ आहेत, त्यामुळे हा भेद बराच बोथट झालाय.

एकसारखेपणाची किंमत मला एकदा चांगली कळली. एका फोटोग्राफरने एका समारंभाचे रोल आणून दिले. निम्मे एका खरेदीतले, निम्मे दुसऱ्या. नाव एकच, वेग एकच, पण डबीवर छापलेला इमल्शन नंबर, म्हणजे रोल कारखान्यातल्या कुठल्या घाण्यातला ते सांगणारा आकडा, वेगळा. हे हौशी रोल होते. सुटे प्रिंट पाहताना कुणाच्या लक्षातही आलं नसतं. अल्बममध्ये समोरासमोरच्या पानांवर आले तेव्हा एकाच बाईचे एकच कपडे दोन छटांचे. मी आख्खी दुपार मशीनवर पिवळा एक बटन वर, किरमिजी एक बटन खाली करत बसलो आणि तरी पूर्ण जुळलं नाही. स्टुडिओवाले एकाच नंबरचे रोल पेटीने का घ्यायचे, त्यातला एक आधी खर्ची घालून चाचणी का करायचे, ते त्या दुपारी समजलं. तू बाळाचे छत्तीस फोटो काढतेस आणि त्यातले पाच ठेवतेस. तुला या वचनाची गरज किती, तूच ठरव.

धुण्यात म्हणशील तर तसूभर फरक नाही. दोन्ही सी-४१ या रंगीत निगेटिव्ह धुण्याच्या रासायनिक प्रक्रियेतूनच जातात. १९७२ पासून हीच प्रक्रिया चालू आहे, डेव्हलपर ३७.८ अंश सेल्सिअसला, सव्वातीन मिनिटं. तुझा कलरप्लस आणि कुणा नामांकिताचा पोर्ट्रा एकाच टाकीतून, एकमेकांच्या मागे लटकून बाहेर येतात.

खरा फरक आहे तो चवीत, म्हणजे कॉन्ट्रास्ट आणि रंगांच्या गडदपणात. गोल्ड, अल्ट्रामॅक्स, कलरप्लस हे रोल ज्या काळात घडले तेव्हा त्यांचं भवितव्य ठरलेलं होतं: हातात मावेल एवढा छोटा प्रिंट, तोही यंत्राने धडाधड काढलेला. एवढ्याशा कागदावर फोटो उठून दिसायचा तर रंग थोडे चढे हवेत, काळं-पांढरं जरा कडक हवं, उजेडात थोडी ऊब हवी. गोल्डची ती प्रसिद्ध पिवळसर ऊब ही चूक नाही, मुद्दाम घातलेली आहे. आणि कॅमेरा कसला असेल ते सांगता येत नाही. मीटर नसलेला, शटर एकाच वेगाचं, वापरणारा घाईतला. त्यामुळे चुका पोटात घालणं हा या रोलचा पहिला गुण. माझं तर मत आहे की हौशी रोल बनवणं हे जास्त अवघड काम असावं. व्यावसायिक रोल बनवताना समोर जाणकार माणूस आहे हे गृहीत धरता येतं, हौशी रोल निष्काळजीपणा गृहीत धरून बनवावा लागतो.

पोर्ट्राच्या नावातच पोर्ट्रेट आहे. चेहरा, त्वचेच्या छटांमधले बारीक चढउतार, पांढऱ्या कपड्यातली घडी आणि काळ्या कोटातली शिवण एकाच फोटोत, हे त्याचं काम. त्यासाठी कॉन्ट्रास्ट मवाळ आणि रंग आवरते. १९९८ मध्ये पोर्ट्रा आला तेव्हा एकाच वेगाचे दोन प्रकार होते, एनसी म्हणजे नैसर्गिक रंगांचा आणि व्हीसी म्हणजे चढ्या रंगांचा. २०१० मध्ये ४०० चे दोन्ही मिळून एक झाले, पुढच्या वर्षी १६० चेही. माझ्या मते त्याचं कारण सरळ आहे. तोवर बहुतेकांच्या निगेटिव्ह स्कॅनरमधून जाऊ लागल्या होत्या, आणि स्कॅन हातात आल्यावर रंग चढवणं हा एका बटनाचा खेळ. मवाळ निगेटिव्हमधून भडक फोटो काढता येतो, भडक निगेटिव्हमधून मवाळ काढताना जीव जातो. म्हणून पोर्ट्राचा सरळ स्कॅन कित्येकांना फिका, बेचव वाटतो. तो कच्चा माल आहे.

‘प्रोफेशनल’ म्हणजे मवाळ, असं सूत्र मात्र करू नकोस. त्याच घराण्यातला एक्टार १०० बघ. रंग गडद, कॉन्ट्रास्ट कडक, दाणे जवळजवळ नाहीतच, आणि स्वभाव असा की एक स्टॉप चुकलीस तर सावल्या निळ्या करून सूड घेईल. डोंगर, इमारती, रंगवलेली लाकडं यांना अप्रतिम, पण गोऱ्या किंवा गुलाबी झाक असलेल्या कातडीला लालभडक करून टाकतो. बाळाच्या गालांना तर अजिबात दाखवू नकोस. गंमत म्हणजे १९८९ मध्ये एक्टार हे नाव रंगीत निगेटिव्ह रोलवर आलं तेव्हा ते जाणत्या हौशी लोकांसाठी होतं. मग ते बंद पडलं, आणि २००८ मध्ये परतलं ते डबीवर ‘प्रोफेशनल’ लावून. तेव्हा हौशी आणि व्यावसायिक यांच्यामधली भिंत किती जाड आहे, ते बघ.

दाण्यांचा हिशेब आकड्यांत देतो, कारण इथे आकडे बोलके आहेत. कोडॅकने प्रिंट ग्रेन इंडेक्स नावाचं एक माप काढलं. निगेटिव्हपासून ठरावीक आकाराचा प्रिंट केला तर डोळ्याला दाणे किती जाणवतात, त्याचा हा आकडा. २५ च्या आसपास दाणे दिसू लागतात, आणि चार अंकांचा फरक बहुतेकांना जेमतेम कळतो. ३५ मिमी निगेटिव्हवरून ४ × ६ इंची प्रिंट केला तर गोल्ड २०० चा आकडा ४४, अल्ट्रामॅक्स ४०० चा ४६ आणि पोर्ट्रा ४०० चा ३७. एक्टार २५ च्या खाली. म्हणजे पोर्ट्रा गोल्डपेक्षा दुप्पट वेगाचा असूनही त्याचे दाणे कमी. घराच्या आत, कमी उजेडात, हा फायदा खरा आहे आणि त्याच्यासाठी पैसे मोजण्यात अर्थ आहे. अल्ट्रामॅक्सशी तुलना केलीस, वेग तोच, तर फरक आणखी उघड दिसतो. पण हे आकडे नीट एक्स्पोज केलेल्या निगेटिव्हचे. उपाशी निगेटिव्हला कुठलाच आकडा लागू नाही.

आणखी एक फरक पूर्वी ठळक होता, आकाराचा. ३५ मिमीपेक्षा मोठ्या, मध्यम फॉरमॅटच्या १२० रोलमध्ये आणि मोठ्या शीटमध्ये बहुतेक व्यावसायिक फिल्मच मिळायची, हौशी रोल मुख्यतः ३५ मिमीमध्ये. तिथेही भिंत पडली, २०२२ मध्ये कोडॅकने गोल्ड २०० हाच १२० मध्ये आणला. मध्यम फॉरमॅटच्या त्या मोठ्या निगेटिव्हवर गोल्डचे दाणे खटकतच नाहीत. फूजीकडे उलटा प्रवास झाला. त्यांचा प्रो ४००एच, चार थरांचा, आकाशी-पिस्ता छटांसाठी लग्नाच्या फोटोग्राफरांचा लाडका, २०२१ मध्ये बंद झाला. त्याची हुबेहूब जागा घेणारा रोल काही आला नाही. ज्यांनी सगळी शैलीच एका रोलवर उभी केली होती, त्यांचे हाल झाले.

एवढं सगळं सांगितल्यावर एक कबुली देतो. आमच्या मशीनवरून रोज ढिगाने रोल जायचे, आणि नुसता प्रिंट बघून हा कुठला रोल, हे मला खात्रीने सांगता यायचं नाही. निगेटिव्ह बघून यायचं. कारण मधे माणूस आणि यंत्र बसलेलं असतं. रंगीत निगेटिव्हवर जो नारिंगी पडदा दिसतो, तो फिल्मच्या रंगद्रव्यांतले दोष झाकण्यासाठी मुद्दाम घातलेला मुखवटा आहे. तो काढून, उलटं सुलटं करून रंग ठरवायचं काम स्कॅनरचं. एकच निगेटिव्ह नोरित्सु आणि फ्रंटियर या लॅबमधल्या दोन स्कॅनरवर स्कॅन केलीस तर दोन स्वभावांचे फोटो येतील. त्यावर चालवणाऱ्याची आवड, आणि त्यावर यंत्राची ‘आपोआप सुधारणा’. ही सुधारणा चौकटीतल्या सगळ्या रंगांची सरासरी करडी मानून चालते. हिरव्या चादरीवर बाळ असेल तर हिरवं फार झालं म्हणून बाळाला किरमिजी करते. लोक ज्याला पोर्ट्राचे रंग म्हणतात, त्यात कितीदा तरी अर्धे रंग त्यांच्या लॅबमधल्या कुणा मुलाचे असतात.

म्हणून तुला एक उद्योग सुचवतो. उरलेल्या दोनपैकी एक पोर्ट्रा आणि एक गोल्ड घे. दुसरा कॅमेरा उसना मिळाला तर बरं, नाही तर पाठोपाठ वापर. उजेड एकच, ढगाळ दिवसाची खिडकी उत्तम. माणूस एकच, आणि तासभर गप्प बसेल असं, म्हणजे बाळ नको. प्रत्येक रोलवर तीच चौकट चारदा: मीटरपेक्षा एक स्टॉप कमी, बरोबर, एक जास्त, दोन जास्त. वहीत लिहून ठेव. नाहीतर नंतर कुठला कुठला ते आठवत नाही, माझं कधीच आठवलं नाही. मग उन्हात तेच, आणि शेवटी रात्रीच्या दिव्यात तेच. दोन्ही रोल एकाच लॅबमध्ये, एकाच दिवशी दे आणि आपोआप सुधारणा बंद करून सपाट स्कॅन माग. त्यांना समजलं नाही तर ‘माझे रंग मी लावीन, तुम्ही काही करू नका’ असं सांग. पडद्यावर प्रत्येक उजेडाचे आठ फोटो शेजारी शेजारी ठेवलेस की तुला माझी, किंवा जो भेटतो त्याची, गरज उरणार नाही.

माझा अंदाज विचारशील तर असा. ढगाळ खिडकीत एक स्टॉप जास्तीचा पोर्ट्रा चेहऱ्यावर स्पष्ट पुढे असेल. उन्हात गोल्ड तुला जास्त आवडेल, आणि तो आवडला म्हणून ओशाळू नकोस. एक स्टॉप कमीमध्ये दोघेही थोडे घसरतील, पण पोर्ट्राच्या सावल्यांत थोडं अधिक सापडेल. दिव्यात दोघेही रडतील. तिथे दिव्याचा पिवळेपणा काढणारा निळा ८०ए फिल्टर लावता येतो, पण तो दोन स्टॉप खातो आणि ४०० चा रोल १०० सारखा होऊन बसतो. हातात कॅमेरा धरून हलतं बाळ टिपायला ते पुरणार नाही. त्यापेक्षा बाळ दिवसा कधी जागं असतं ते बहिणीला विचार.

खर्च कुठे करायचा, तेही सांगतो. जे पुन्हा होणार नाही, ज्यात चेहरे आहेत, उजेड सरमिसळ आहे, आणि फोटो मोठा करून भिंतीवर जाणार आहे, तिथे पोर्ट्रा. अनेक रोलचे फोटो एकत्र मांडायचे असतील तिथेही. फिरायला निघालीस, मित्रमैत्रिणी आहेत, ऊन आहे, तिथे गोल्ड, आणि वाचलेल्या पैशात आणखी एक रोल. शिकायच्या वयात महागाचा एक रोल जपून वापरण्यापेक्षा स्वस्ताचे दोन बेधडक संपवलेले बरे, असं माझं ठाम मत आहे. महाग रोल हातात असला की माणूस शटरवर बोट ठेवून विचार करत बसतो आणि बाळ तोंड फिरवतं.

बाळासाठी मात्र शेवटचा पोर्ट्रा राखून ठेव. मीटर तपासून झाल्यावर कॅमेऱ्यावर ४०० ऐवजी २०० लाव, लॅबला काही सांगू नकोस, धुणं नेहमीचंच. दिवसा, घरातले दिवे मालवून, खिडकी तुझ्या पाठीशी किंवा बाजूला, बाळाच्या मागे नाही. शटर १/१२५ च्या खाली जायला लागलं तर २०० चा हट्ट सोड आणि ४०० वर ये. हललेल्या फोटोपेक्षा थोडे दाणे परवडले. खोली कायमच अंधारी असेल तर पोर्ट्रा ८०० हा त्यासाठीच आहे, दाणे थोडे जास्त, पण प्रामाणिक.

आणि हो, फ्रिज. महिन्या-दोन महिन्यांत वापरणार असशील तर कपाटातली थंड, कोरडी जागा पुरे. जास्त थांबायचं असेल तर ठेव फ्रिजमध्ये, पण मूळ डबीचं झाकण न उघडता आणि घट्ट पिशवीत. वापरायच्या आधी बाहेर काढून किमान दोन तास तशीच बंद राहू दे, नाहीतर थंड फिल्मवर हवेतली वाफ धरते. मी एकदा घाईत हे केलंय, फोटोंवर पाण्याच्या ठिपक्यांची नक्षी आली होती. विमानाने जाणार असशील तर रोल हातातल्या बॅगेत ठेव आणि नव्या सीटी स्कॅनरमधून जाऊ देऊ नकोस, हाताने तपासायची विनंती कर. रोल संपला की मात्र फ्रिजमध्ये आठवण म्हणून ठेवायचा नाही, त्याच आठवड्यात धुवायला टाकायचा.

सेल कुठला निघाला ते कळव. तो १.५ व्होल्टचा अल्कलाइन असेल, तर बाबांनाही विचार की शेवटची काही वर्षं त्यांचे घरातले फोटो अंधारे का यायचे.

– काका